बरे वाटणे आणि बरे होणे

रुग्णाला भेटायला गेलेला माणूस खुर्चीवर टेकता टेकता पहिला प्रश्न विचारतो, "आता कसं वाटतंय?" रुग्णही सवयीने "बरं वाटतंय की" असे म्हणून मोकळा होतो. 'बरे वाटणे' आणि 'बरे होणे' हे दोन शब्दप्रयोग आपण बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र या दोहोंमध्ये कधी काही महिन्यांचे, तर कधी वर्षा-दोन वर्षांचे अंतर असते. मोठ्या आजारातून उठणाऱ्या माणसाचा धीर सुटतो तो नेमका या अंतरात. आजारांची लक्षणे, पथ्ये आणि तपासण्या यांविषयी या सदरातून नेहमीच लिहिले जाते. आज लिहायचे आहे ते आजाराचा जोर ओसरल्यानंतरच्या लांबलचक आणि कंटाळवाण्या काळाविषयी, कारण त्या काळात रुग्णाकडे डॉक्टरांचे, नातेवाइकांचे आणि पुढे पुढे त्याचे स्वतःचेही लक्ष कमी होत जाते.

आमच्या भागातील माणसाला वाट पाहता येत नाही, असे कोणी म्हणू नये. पंचगंगेच्या काठचा शेतकरी पावसाळ्यात आडसाली उसाची लागण करतो आणि तोडीसाठी सोळा-अठरा महिने थांबतो. मधल्या काळात बाळबांधणी, मोठी बांधणी, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या हे सारे वेळच्या वेळी करतो. तिसऱ्या महिन्यात बांधावर उभा राहून "अजून साखर कशी भरली नाही?" असे तो विचारत नाही. तोच शेतकरी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझ्यासमोर बसून विचारतो, "डॉक्टरसाहेब, हात अजून हलंना. औषध लागू पडत न्हाई काय?" यात त्याचा दोष नाही. उसाचे वेळापत्रक त्याला ठाऊक आहे. आजाराचे वेळापत्रक त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

धीर दोन तऱ्हांनी सुटतो. काही आजारांत बरे वाटणे फार लवकर येते आणि बरे होणे मागे राहते. काही आजारांत बरे होणे आत चालू असते, पण बरे वाटत नाही. पहिल्या प्रकारचे ठळक उदाहरण म्हणजे क्षय. औषधे सुरू झाली की बहुतेकांचा ताप काही आठवड्यांत उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढू लागते. दोन महिन्यांत माणूस टवटवीत दिसतो आणि इथेच घात होतो. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आहे. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन. पहिल्या टप्प्यात वेगाने वाढणारे जंतू मरतात. उरलेले, सुस्त पडून राहिलेले चिवट जंतू मारायला पुढचे चार महिने लागतात. ज्याने बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या, त्याच्या फुप्फुसात तेच चिवट जंतू शिल्लक राहतात, आणि मग नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय उद्भवू शकतो. त्याचा उपचार अधिक कडक, औषधांचा त्रासही अधिक, आणि घरातल्या लेकराबाळांना लागण होण्याची भीती वेगळीच. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. सकस आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून 2018 पासून दरमहा 500 रुपये मिळू लागले आणि नोव्हेंबर 2024 पासून ही रक्कम 1,000 रुपये झाली. अडचण पैशांची असते तशीच 'बरं वाटतंय की आता' या वाक्याचीही असते.

क्षयाचा विषय निघाला की मला कुमार गंधर्वांची आठवण होते. कोल्हापूरसारख्या गाण्याच्या गावात त्यांचे नाव ठाऊक नाही असे घर विरळा. आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी गावी 1924 साली त्यांचा जन्म झाला. लहानपणापासूनच गाण्यातला चमत्कार म्हणून ते गाजले. पुढे मुंबईला प्रा. देवधरांकडे शिकले, आणि ऐन पंचविशीच्या आत क्षयाने त्यांना गाठले. 1948 च्या जानेवारीअखेर कोरड्या हवेसाठी ते माळव्यात देवासला राहायला गेले. अमेरिकेत 1943 मध्ये सापडलेले स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा आपल्याकडे सहज मिळत नव्हते. विश्रांती, मोकळी हवा आणि दूध-अंडी एवढाच बहुतेकांचा उपचार असे. मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या आरोग्यधामात महिनोन्‌महिने खाटेवर काढलेल्या माणसांच्या हकिगती आपल्याकडच्या जुन्या घरांतून अजून ऐकू येतात. कुमारांची जवळजवळ पाच वर्षे अशीच गेली. गाणाऱ्याला गाणे बंद. पत्नी भानुमती यांनी शुश्रूषा केली. पुढे स्ट्रेप्टोमायसिन मिळाले आणि 1953 च्या सुमारास ते पुन्हा मैफिलीत गाऊ लागले. एक फुप्फुस मात्र जवळजवळ निकामी झाले होते.

ही कथा सांगताना लोक शेवटच्या विजयावर भर देतात. मला त्यातली मधली पाच वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. त्या काळात खाटेवर पडून ते माळव्यातल्या बायाबापड्यांची, रस्त्याने जाणाऱ्या भिक्षेकऱ्यांची गाणी ऐकत राहिले. त्या धुनांमधून पुढे त्यांनी नवे राग बांधले. दमसास पूर्वीसारखा राहिला नव्हता, तर छोट्या छोट्या, जोमदार स्वरवाक्यांची स्वतःची गायकी घडवली. आजारापूर्वीचे कुमार जसेच्या तसे परत आले नाहीत, आणि ते तसे येण्याची वाट पाहत बसलेही नाहीत. गळ्याला बंदी होती तेव्हा कानाने काम केले. आता प्रत्येक रुग्ण कुमार गंधर्व नसतो, हे मलाही कळते. पण शेताकडे जाता येत नाही म्हणून खाटेवरून पोराला पाण्याच्या पाळ्यांचा हिशेब सांगणारा म्हातारा मी पाहिला आहे, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिलेला त्याच वयाचा त्याचा शेजारीही पाहिला आहे. दोघांना झटका एकाच वर्षी आला होता. सहा महिन्यांनी पहिला काठी टेकत बांधापर्यंत जात होता. दुसऱ्याच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. दोघांच्या झटक्याची तीव्रता सारखी नसेल, हे मान्य. तरी सगळा फरक तेवढाच होता, असे मला वाटत नाही.

आता दुसरा प्रकार, म्हणजे आत सुधारणा चालू असते पण बाहेर दिसत नाही. अर्धांगवायूत मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते, आणि त्या भागातल्या पेशी मरतात. मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. शेजारच्या शिल्लक पेशी त्यांचे काम शिकून घेतात. शिकणे म्हटले की उजळणी आली. लहान मूल पाटीवर 'अ' शंभर वेळा गिरवते, तसेच लुळ्या हाताने तांब्या उचलण्याचा प्रयत्न शंभर वेळा करावा लागतो, आणि पहिले नव्वद प्रयत्न वाया गेल्यासारखे दिसतात. सर्वसाधारणपणे पाय आधी सुधारतो, हात मागून येतो, आणि हातातही खांदा-कोपर आधी, बोटे सर्वांत शेवटी. सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत दिसतो. त्यानंतर वेग मंदावतो, पण सुधारणा थांबत नाही. हे गणित ठाऊक नसलेले घर तिसऱ्या महिन्यात फिजिओथेरपी बंद करते. "पाय चालतोय, हाताचं काय होणार न्हाई" असा निकाल लावून टाकते. म्हणजे हाताची पाळी यायच्या वेळेलाच शिकवणी बंद.

आणि मग धावाधाव सुरू होते. कोणी सीमेपलीकडच्या गावी काढा देणाऱ्याकडे नेतो, कोणी पारव्याचे रक्त चोळायला सांगतो, कोणी शहर बदलून नवा एम.आर.आय. काढायला लावतो. ही सारी माणसे प्रेमापोटीच करतात, म्हणून त्यांना हसण्यात अर्थ नाही. पण अधीर झालेली आशा फार महाग पडते. भाड्याच्या गाडीत, धक्क्याधक्क्यांच्या रस्त्यावर आठ-दहा तास घालवायचे, परत येऊन दोन दिवस थकून पडायचे, व्यायाम बुडायचा, आणि बहुतेक वेळा काढेवाल्याने रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायला सांगितलेले असते. दुसऱ्या झटक्याचा धोका त्यातून वाढतो. एका म्हशीच्या किमतीएवढा खर्च अशा फेऱ्यांवर करून, अखेर दोनशे रुपयांच्या फिजिओथेरपीला पैसे नाहीत असे सांगणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

मज्जातंतूंच्या आजारात वाट पाहण्याचे गणित आणखी स्पष्ट आहे. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस म्हणजे गुलियन-बॅरे या आजाराचे बरेच रुग्ण आढळले, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून स्वतःच्या मज्जातंतूंवर उलटते, आणि धडधाकट माणूस काही दिवसांत अंथरुणाला खिळतो. यातले दहापैकी सुमारे आठ रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात, ही मोठ्या दिलाशाची गोष्ट. मज्जातंतूवरचे आवरण तेवढे खराब झाले असेल, तर सुधारणा काही आठवड्यांत ते महिन्यांत होते. आतली तारच तुटली असेल, तर ती पुन्हा वाढण्याचा वेग दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर असतो. म्हणजे महिन्याला साधारण एक इंच. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर स्वतःच मोजून पाहा, म्हणजे पायाच्या अंगठ्याला जाग यायला कधी कधी दोन-दोन वर्षे का लागतात, हे कोणी सांगावे लागणार नाही. या इंचाचा हिशेब मी रुग्णाला समजावून देतो तेव्हा तो निराश होईल अशी घरच्यांना भीती वाटते. माझा अनुभव नेमका उलटा आहे. न हलणारा पाय हा मेलेला पाय नसून वाटेवर असलेला पाय आहे, हे कळल्यावर माणूस अधिक शांत झोपतो.

रोज सकाळी उठून सुधारणा मोजू नये, असे मी आवर्जून सांगतो. तालमीत नव्याने आलेल्या पोराला वस्ताद जोर-बैठका घालायला लावतो, पण दुसऱ्या दिवशी टेप घेऊन त्याची छाती मोजत नाही. वर्षभर मातीत घाम गाळल्यावर पोराचा सदरा आपोआप दंडाला घट्ट होतो. कुस्तीच्या या गावात रुग्णाला हे उदाहरण लगेच पटते. मोजायचे ते महिन्यातून एकदा, ठरावीक तारखेला, आणि साध्या गोष्टीत. खाटेपासून उंबऱ्यापर्यंत किती वेळा थांबावे लागले? सदऱ्याचे बटण लावायला किती वेळ गेला? भाकरीचा तुकडा स्वतःच्या हाताने मोडता आला काय? एका दोनशेपानी वहीत तारीख टाकून लिहून ठेवावे. रोज पाहणाऱ्याला जो फरक दिसत नाही, तो वहीचे चौथे पान पहिल्या पानाशेजारी ठेवले की दिसतो. सुधारणेची रेघ सरळ वर जात नाही, हेही वहीतच उमगते. पडसे झाले, रात्रीची झोप बिघडली, घरात लग्नकार्य झाले, की आठवडाभर रुग्ण मागे सरकल्यासारखा वाटतो. ती घसरण बहुधा तात्पुरती असते.

या सगळ्यात भेटायला येणाऱ्या मंडळींविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे. शहाळी आणि सफरचंदे घेऊन येणारा पाहुणा बरोबर एक वाक्यही घेऊन येतो. "अजून हात हलत न्हाई व्हय? आमच्या मेव्हण्याचा महिन्यात हलला." हे वाक्य रुग्ण रात्रभर उगाळत बसतो. मेव्हण्याचा झटका वेगळा, मेंदूचा भाग वेगळा, वय वेगळे. तुलना करायचीच तर त्याच माणसाच्या गेल्या महिन्याशी करावी. पाहुण्याने गावातल्या पावसापाण्याच्या, कारखान्याच्या निवडणुकीच्या गप्पा मारल्या तर त्याने उपचारच केला असे मी समजतो. रुग्णाला घडीभर तो रुग्ण असल्याचा विसर पडतो. बोलणे अडखळणाऱ्या माणसाचे वाक्य मात्र आपण पुरे करू नये. त्याला वेळ लागू द्यावा.

रुग्ण सारखा चिडतो, रडतो, जेवण टाकतो, "मला न्या आता वर" म्हणतो, याला घरचे लोक 'हट्ट' म्हणतात. अर्धांगवायूनंतर साधारण तीन रुग्णांमागे एकाला केव्हा ना केव्हा नैराश्य येते. हा मेंदूच्या आजाराचाच भाग असतो, त्याला औषध आहे, आणि ते दिल्यावर व्यायामातले लक्षही सुधारते. "मन खंबीर ठेवा" असे नुसते सांगून नैराश्य जात नाही. पाय मोडलेल्याला नीट चाल असे सांगण्यासारखेच ते आहे.

आणि धीर फक्त रुग्णानेच का धरायचा? सहा महिने पहाटे उठून अंग पुसणारी, कूस बदलणारी, भरवणारी बहुतेक घरांत बायको, सून किंवा लेक असते. तिचा वाढलेला रक्तदाब कोणी तपासत नाही, तिची पाठदुखी कोणाच्या खिजगणतीत नसते. दवाखान्यात रुग्णाला घेऊन आलेल्या बाईला मी खुर्चीवर बसवून तिचाही रक्तदाब पाहतो, तेव्हा ती आधी संकोचते, मग पुष्कळदा तिचे डोळे भरून येतात. मुंबई-पुण्याला नोकरीला असलेल्या भावंडांनी फोनवर सूचना देण्यापेक्षा महिन्यातून दोन दिवस येऊन रात्रीची जाग काढावी. तिला त्या दोन रात्री सलग झोप मिळाली, तर पुढचे पंचवीस दिवस व्यायाम बुडत नाही. रुग्णाच्या सुधारणेत त्या झोपेचा वाटा औषधाएवढाच धरायला माझी हरकत नाही.

सगळेच पूर्ण बरे होत नाहीत, हेही लिहिलेच पाहिजे. आपल्याच कोल्हापुरातल्या नसीमा हुरजूक यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. ऐन सोळा-सतरा वर्षांच्या वयात कमरेखालचे शरीर लुळे पडले आणि पाय परत आले नाहीत. बाबूकाका दिवाण या स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या गृहस्थांची भेट झाल्यावर त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. त्यांनी शिक्षण पुरे केले, केंद्र सरकारच्या अबकारी व सीमाशुल्क खात्यात नोकरी केली, आणि 1984 साली सहकाऱ्यांसह 'हेल्पर्स ऑफ दि हॅन्डिकॅप्ड' ही संस्था उभी केली. अपंग मुलांसाठी वसतिगृह, शाळा, कामाचे प्रशिक्षण असा तिचा पसारा वाढला. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन अनेक वाचकांनी वाचले असेल. इथे आशा पायांवरून उठून दुसरीकडे जाऊन बसली. ही जागा बदलायची वेळ केव्हा येते, हे ठरवणे फार अवघड असते. पहिल्या सहा महिन्यांत तर ते कोणी ठरवूच नये. पण वर्ष-दीड वर्ष मनापासून प्रयत्न केल्यावरही हात उघडला नाही, तर डाव्या हाताने सही करायला शिकणे, ही हार मानणे होत नाही. बँकेत पेन्शन काढायला ती सही लागतेच.

डॉक्टर मंडळींकडून मला एक अपेक्षा आहे. रुग्णाला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर औषधे असतात, पुढच्या तपासणीची तारीख असते, पण पुढच्या सहा महिन्यांत साधारण काय काय होईल, हे नसते. "होईल बरं" एवढ्या दोन शब्दांवर घर वर्षभर चालवायचे असते. मराठीत चार ओळी लिहून दिल्या तर किती फेऱ्या वाचतील! किती दिवस थकवा राहील, बायपासनंतर छातीचे हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात म्हणून तोवर घागर उचलायची नाही, कोणती गोळी कायमची आणि कोणती थोड्या दिवसांची, एवढे पुरे. ज्या घरांना असा कागद मिळत नाही, त्यांनी तो मागून घ्यावा. संकोच करू नये. "किती दिवस लागतील?" याचे नेमके उत्तर डॉक्टरांना देता येईलच असे नाही, पण आठवडे, महिने की वर्ष, एवढे बहुधा सांगता येते.

आणि ज्या वेळी अजिबात धीर धरायचा नाही, ती लक्षणे त्याच वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवावीत. एकाएकी तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हातापायातली शक्ती नव्याने जाणे, छातीत दुखणे किंवा दम लागणे, खोकल्यातून रक्त येणे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागणे, पुन्हा ताप चढणे. यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये, ओळखीच्या माणसाला विचारत बसू नये, सरळ मोठ्या दवाखान्यात जावे. अर्धांगवायूत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही मेंदूचे स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. म्हणून रुग्णाला शेवटचे धड केव्हा पाहिले, ती वेळ घड्याळात बघून लक्षात ठेवावी. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच विचारला जाईल.